तेवीस शुभेच्छुक आणि दोन तोळे

रश्मी ओव्हाळच्या शिक्षणासाठी सहा लाख चाळीस हजारांचं कर्ज काढावं लागलं, ते एका कागदापायी. फीच्या सवलतीला जोडायचा तो सरकारी कागद अकरा दिवस उशिरा हातात आला आणि तोवर प्रवेशाची फेरी संपून गेली होती. उरली कॉलेजची स्वतःच्या मर्जीची जागा. तिथे सवलत नसते, पावती मात्र लगेच मिळते. रश्मीने पुढे कधीतरी भागाकार करून पाहिला होता: दिवसाला अठ्ठावन्न हजार एकशे एक्याऐंशी रुपये ब्याऐंशी पैसे. एवढ्या भाड्यात एखाद्या बड्या हॉटेलात अकरा दिवस राहून झालं असतं, नाश्त्यासकट.

शिकत असताना व्याज आपलं शांतपणे वाढत राहिलं. पोरगी पास होऊन बाहेर पडली तेव्हा कर्ज आठ लाख तीस हजारांचं झालं होतं. म्हणजे घरात दोघांची प्रगती एकदम झाली.

चाकणला गाड्यांचे पुढचे दिवे बनवणाऱ्या कंपनीत तिला क्वालिटीत नोकरी लागली. लोकांच्या गाडीत उजेड पडतो की नाही हे तपासायचं, स्वतःचा अंधार संध्याकाळी घरी जाऊन बघायचा. पगार आता अठ्ठावन्न हजार, कर्जाचा हप्ता चौदा हजाराला सात रुपये कमी. हे सात रुपये बँकेने कोणत्या मायेपोटी सोडले ते तिला कधी कळलं नाही. चव्वेचाळीस हप्ते झाले होते, चाळीस उरले होते. बाकी चार लाख सत्तर हजार.

आणि घर घ्यायचं होतं. दिघीत घरमालक चिमाजीच्या दोन खोल्यांत ओव्हाळ कुटुंब एकोणीस वर्षं भाड्याने राहत होतं. वडील रंगराव भोसरीच्या पत्रा कापणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं राबले, आणि दीड बोट तिथेच ठेवून निवृत्त झाले. कंपनीने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते लावायला स्वतःची भिंत नसल्यामुळे ते अजून खोक्यातच होतं. चिमाजी भिंतीला खिळा मारू देत नसे.

घराचे पैसे रश्मीने दात कोरून जमवले होते. नऊ लाख. तिच्या मोबाइलमध्ये एक्सेलची फाइल होती, नाव ‘घर_फायनल_खरंच_फायनल’. ती घेऊन ती बँकेत गेली, तेव्हा गृहकर्जाच्या टेबलावरच्या साहेबांनी स्क्रीनकडे बघत सांगितलं, “मॅडम, तुमचा एक हप्ता चालू दिसतोय. एवढ्या पगारावर तो असताना घराचं कर्ज बसत नाही. तो बंद करा, मग या.”

“तो तुमच्याच बँकेचा आहे सर.”

“हो ना. म्हणून तर आम्हाला दिसतोय.”

बँकेचं म्हणणं एवढंच की कर्ज हवं असेल तर आधी कर्ज नसल्याचं दाखवा. नऊ लाखांतून शिक्षणाचं कर्ज मिटवलं की उरतात चार लाख तीस हजार. चऱ्होलीला एक वन बीएचके तिने हेरून ठेवला होता, किंमत एकोणतीस लाख नव्वद हजार. दहा टक्के स्वतःचे भरायचे ते दोन लाख नव्व्याण्णव हजार. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, बाईमाणसाच्या नावावर एक टक्का सूट धरूनही दोन लाख नऊ हजार. बेरीज पाच लाख आठ हजार. अठ्ठ्याहत्तर हजार कमी पडत होते. पण तेच दोन लाख नऊ हजार बिल्डरने सोसले, तर सगळं बसून वर पंखे-ट्यूबलायटीला पैसे उरत होते. तिचं घर या एका घासाघिशीवर उभं होतं.

घासाघीस कशी करायची ते ती कंपनीत शिकली होती. खरेदी विभागातली माणसं पुरवठादाराला कसं सोलतात ते तिने चार वर्षं जवळून पाहिलं होतं. पहिला नियम, गरज दाखवायची नाही. ताकाला जायचं, पण भांडं घरीच विसरल्यासारखं करायचं.

प्रकल्पाचं नाव ‘रिव्हरनक्षत्र, फेज दोन’. फेज एक कुणी पाहिला नव्हता, आणि गच्चीवरून इंद्रायणी दिसायची ती दिसली असं मानणाऱ्यालाच. पण इमारत उभी होती, ताबा तयार होता आणि चौदा फ्लॅट पडून होते. रश्मीच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. ओळीने आठ गुरुवार ती तिथे गेली. विक्री ऑफिसात करिष्मा नावाची मुलगी बसायची. गुरुवारी गिऱ्हाईक नसल्यामुळे तिला पळूनही जाता येत नसे. रश्मी दाराच्या फटीत कंपनीतल्या मापाच्या पट्ट्या सरकवून बघायची. फरशीवर गोटी सोडायची. गोटी बेडरूममधून निघून हॉलमध्ये यायची आणि दोघी तिच्याकडे बघत उभ्या राहायच्या.

“मॅडम, हे घर आहे, हेडलाइट नाही,” करिष्मा म्हणायची.

“हेडलाइट असता तर लाल टॅग लावून परत पाठवला असता. बघू. वाकडला पण एक बघतोय आम्ही.”

वाकडला त्या किमतीत फार तर पार्किंग मिळालं असतं हे दोघींना माहीत होतं. तरी असं म्हणायची रीत असते.

आठव्या गुरुवारी करिष्मा वाकली. “या महिन्याचं टार्गेट बाकी आहे. मी सरांशी बोलते. स्टॅम्प ड्युटीचं आमच्याकडून करून टाकू. पुढच्या गुरुवारी या, लेखी देते. पण कुणाला बोलू नका, बाकीचे पण मागतील.”

रश्मी घरी आली आणि तिने आयुष्यातली सर्वांत महागडी दोन वाक्यं उच्चारली. “पप्पा, जवळजवळ झालंय. पण गुरुवारपर्यंत कुणाला सांगू नका.”

रंगरावांनी यातलं ‘झालंय’ तेवढं ऐकलं. एकतीस वर्षं प्रेसच्या दणदणाटात काढलेल्या माणसाला वाक्यातला एखादाच शब्द ऐकू येतो, आणि तो बहुतेक आपल्या सोयीचा असतो. सांगायचं नाही म्हटल्यावर त्यांनी परक्या कुणाला सांगितलं नाहीच. घरच्याच माणसाला सांगितलं. सनीला.

सनी भालेराव हा रंगरावांच्या थोरल्या बहिणीचा, कुसुमताईचा मुलगा. वय सव्वीस, व्यवसाय इच्छुक. चार वर्षं तो ‘भावी नगरसेवक’ होता. वॉर्डाच्या हद्दी बदलल्या, आरक्षणं बदलली, पण सनीचं ‘भावी’ जागचं हललं नाही. फ्लेक्सवर चेहरा दिसत राहायला हवा आणि त्यासाठी निमित्त हवं. सण होते तोवर ठीक चाललं. मित्रांचे वाढदिवस झाले, मित्राच्या बुलेटचा झाला. त्या आठवड्यात मात्र अख्ख्या दिघीत कुणी जन्मलेलं नव्हतं. अशा कोरड्या दिवसांत मामाने बातमी दिली.

सोमवारी सकाळी कंपनीची बस मॅगझीन चौकात थांबली आणि बसमधल्या चाळीस माणसांनी एकदम डावीकडे मान वळवली.

‘दिघीची लेक, चाकणची शान! आमच्या भगिनी इंजि. रश्मीताई रंगराव ओव्हाळ यांनी रिव्हरनक्षत्र येथे स्वतःच्या हक्काचे घर घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ पंधरा बाय दहा. मध्ये रश्मीचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, त्यात एक डोळा पूर्ण मिटलेला आणि दुसरा विचारात. तिच्या दुप्पट आकाराचा सनी, पांढऱ्या कपड्यांत, फोनवर महत्त्वाचं बोलताना. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून तेवीस चेहरे, बरेचसे गॉगलमधले.

पेंट शॉपचा बंटी मागच्या सीटवरून ओरडला, “काय राव मॅडम! घर घेतलं, आन् आम्हाला फ्लेक्सनं कळवलं व्हय? पार्टी कधी?”

“बंटी, मी घर घेतलेलं नाही.”

“बघा, पार्टी द्यायला लागंल म्हणून नाही म्हणतात. घर घेतल्यावर माणूस असाच होतो.”

चाकणला पोचेपर्यंत बसच्या ग्रुपवर फोटो फिरला. दुपारी मॅनेजर दिग्विजय सरांनी केबिनमध्ये बोलावून हात मिळवला. त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. “फार छान झालं रश्मी. आता वीस वर्षं तू कुठे जात नाहीस.” पगारवाढीच्या यादीवर त्यांचं पेन फिरत होतं, ते तिच्या ओळीपाशी येऊन निवांत झालं.

संध्याकाळी घरी आली तर दारात चिमाजी. दिघीचा मूळचा गावकरी. शेतं गेली, खोल्या आल्या, पण बोलणं तेच राहिलं.

“पोरी, लई झ्याक काम केलंस. बापाचं पांग फेडलंस. आता यक तारखेला खोल्या रिकाम्या करून द्या.”

“काका, अजून काही ठरलेलं नाही!”

“आगं चौकात लिवलंय की.”

“तो सनीचा उद्योग आहे.”

“त्ये न्हाई म्या मानत. येवढा मोठा फलक कोन खोटा लावंल? छापायला पैका लागतो.” चिमाजीने खिशातून कागद काढला. “नवा भाडेकरू बघितला. इसार घितला म्या त्याच्याकडनं, ईस हजार. आमी काय तुमच्या सुखाला आडकाठी करायची व्हय?”

तो गेला. आत प्रभावती, रश्मीची आई, परातीत पीठ मळत होती. तिने नवऱ्याकडे न बघता पिठाला सांगितलं, “एकोणीस वर्षं मी म्हणत होते या खोल्यांतून बाहेर काढा. काढलं बाई एकदाचं.”

रंगराव खोक्यातलं घड्याळ पुसत बसले. “मी सनीला म्हणालो होतो, जवळजवळ म्हणून.”

“पप्पा, फ्लेक्सवर ‘जवळजवळ’ छापत नाहीत.”

तरी गुरुवार होता. रश्मीने स्वतःला समजावलं की करिष्मा वाघोलीहून येते, ती कशाला मॅगझीन चौकात जाते?

गुरुवारी करिष्माने तिला बघताच टाळ्या वाजवल्या. “या या, मालकीणबाई! फोटो सुंदर आलाय.”

“ते आमच्या भावाने चुकून...”

“चुकून कसं? सर स्वतः आहेत ना त्यात.” तिने मोबाइलवर फ्लेक्स मोठा करून दाखवला. शुभेच्छुकांत चौथ्या रांगेत गॉगल नसलेला एकच माणूस होता, तो बिल्डर. अगदी खाली हिरव्या पट्टीत छापलं होतं: ‘रिव्हरनक्षत्र, मोजकेच फ्लॅट शिल्लक’, आणि करिष्माचाच नंबर. “सनीभाऊ शनिवारीच येऊन गेले. सरांनी छपाईला पंधरा हजार दिले.”

रश्मीने मान हलवली. आठ गुरुवार तिने लपवलेलं भांडं सनीने चौकात टांगलं होतं, आणि ते घासायचे पैसेही घेतले होते.

“मग ते स्टॅम्प ड्युटीचं?”

“मॅडम, खरं सांगू?” करिष्मा जरा ओशाळली, पण बेताने. “सर म्हणाले, ज्यांनी गावभर जाहीर केलंय ते घेणारच. त्यांना कशाला सूट? वाकडला विचारा हवं तर.”

दोन लाख नऊ हजार गेले. अठ्ठ्याहत्तर हजार कमी पडत होते ते पडतच राहिले, आणि एक तारीख बारा दिवसांवर होती. दुसरीकडे भाड्याने जायचं तर अनामत पन्नास-साठ हजार, म्हणजे घराच्या पैशाला तिथेच भोक.

ती घरी पोचली तेव्हा उंबऱ्यात एक पिशवी होती आणि आत कुसुमताई आत्या बसली होती. भिंतीशी सनी उभा होता. पकडून आणून उभं केल्यावर माणूस जसा उभा राहतो, तसा.

आत्याला बघून रश्मीचा हात मोबाइलकडे गेला. कारण एक्सेलमध्ये नसलेली एक गोष्ट होती. पहिल्या वर्षी बँकेचा पैसा यायच्या आत कॉलेजने फी मागितली होती, आणि आत्याने हातातल्या पाटल्या मोडून पासष्ट हजार काउंटरवर ठेवले होते. ‘होईल तवा बघू’ एवढंच ती म्हणाली होती. बँकेला दर महिन्याच्या पाच तारखेला सगळं आठवायचं. आत्याला नऊ वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, निदान तिने तसं दाखवलं नव्हतं. जो मागत नाही त्याची ओळ एक्सेलमध्ये उघडत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही. त्या पाटल्या आजच्या भावाने पावणेतीन लाखांच्या पुढे जात होत्या. दहा-साडेदहा टक्क्यांची बँक त्यापुढे धर्मशाळा वाटावी.

आता चौकात घर बघितल्यावर आत्याने मागितले तर तोंड कुठे लपवायचं?

आत्या पाणी प्यायली. भांडं खाली ठेवलं. “फ्लेक्स बघितला मी.”

सनी भिंतीला आणखी चिकटला.

“रिक्षा थांबवून बघितला. तेवीस थोबाडं मोजली. जिमवाला हाय. पानपट्टीवाला हाय. तो बिल्डर हाय. ज्यानं सनीची गाडी पळवली हुती, त्यो बी हाय.”

“त्याने परत दिली आई,” सनी पुटपुटला.

“गप. रंगा, तुझ्या पोरीच्या फीला पाटल्या कुणाच्या गेल्या?”

“तुझ्या, आक्का,” रंगराव म्हणाले.

“मग माझा फोटू कुटं हाय?”

रश्मीला एक क्षण कळलंच नाही. तिने तीन लाखांची तयारी केली होती आणि आत्याने फोटो मागितला होता.

“पोटच्या पोरानं अख्ख्या गावाला चिकटवलं आन् आईला जागा न्हाई!”

“आई, ऐक ना,” सनी पुढे आला. “तुझ्या वयाच्या बाईचा फोटो फ्लेक्सवर टाकला की लोकांना वाटतं गेली. मागच्या वर्षी शेजारच्या काकूंचा टाकला, तर तीन जण दुखवट्याचे टॉवेल घेऊन आले.”

“येऊ दे की! चा पाजला असता.” आत्याने पदर खोचला. “मी सांगते तुला. उद्याच्या उद्या मी दुसरा फ्लेक्स लावते, त्याच्याच शेजारी. की हे समदं खोटं हाय. घरबीर काय घेतलेलं न्हाई. आन् खाली माझा एकटीचा फोटू!”

“आत्या,” रश्मी म्हणाली, “परत म्हण.”

“काय परत? माझा एकटीचा फोटू.”

“त्याच्या आधीचं.”

कंपनीत एक नियम होता. चुकीचा माल जिथे सापडला, तिथेच त्याला लाल टॅग लावायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, आणि कारण लिहायचं. कारण लिहिल्याशिवाय टॅग काढता येत नसे. पुरवठादार दंडाला भीत नसत, त्या टॅगला भीत. दुसऱ्या पुरवठादारांना तो दिसायचा ना.

“सनी, बस इथे. मोबाइल काढ. फ्लेक्स करायचाय.”

सनीचा चेहरा उजळला. कशाचा, हे त्याने विचारलं नाही. तो प्रश्न त्याच्या धंद्यात गौण होता.

रश्मीने सांगितलं, सनीने घातलं. वर लाल पट्टी, पांढरी ठळक अक्षरं: ‘जाहीर खुलासा’. खाली मजकूर: ‘या चौकातील फलकावर कळविल्याप्रमाणे रश्मी रंगराव ओव्हाळ यांनी रिव्हरनक्षत्र येथे घर घेतलेले नाही. कारण: कबूल केलेली मुद्रांक शुल्काची सवलत फलक पाहून मागे घेण्यात आली. चौदा फ्लॅट अद्याप शिल्लक आहेत. बेडरूममधली गोटी हॉलमध्ये येते. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.’

“ताई, हे लावलं तर सरांशी माझे संबंध जातील,” सनी म्हणाला.

“संबंध म्हणजे त्ये पंधरा हजार?” आत्याने विचारलं. “छापायला किती गेले?”

“साडेसहा.”

“राहिलेले साडेआठ मामीच्या हातात ठेव.”

सनीने खिसा चाचपला, नाइलाजाने ठेवले. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. “खुलाशातही शुभेच्छुक टाकायचे का?”

“टाक,” आत्या म्हणाली. “मला.”

खाली उजव्या कोपऱ्यात कुसुमताई भालेराव आल्या. प्रभावतीने तिथल्या तिथे काढलेला फोटो, कपाळाला आठी तशीच. रश्मीने ते चित्र करिष्माला पाठवलं आणि सोबत लिहिलं, ‘उद्या सकाळी लावतोय. काही दुरुस्ती असल्यास कळवावे.’

पाच मिनिटांनी दोन निळ्या खुणा आल्या. अकराव्या मिनिटाला फोन वाजला. करिष्मा नव्हती, तिचे सर स्वतः होते.

“अहो ताई, असं कुठे असतं का? आपण घरची माणसं. फोटो आहे ना माझा तुमच्या फ्लेक्सवर!”

“म्हणून तर आधी दाखवला सर. बाहेरचे असते तर थेट लावला असता.”

“एवढ्या तेवढ्यावरून चौकात कशाला जायचं?”

“मी गेलेच नव्हते सर. तुम्ही पंधरा हजार देऊन मला नेलंत.”

सर पुढच्या ओळीवर गेले. “आणि ते गोटीचं कशाला लिहिलंय?”

“ते काढता येईल.”

रश्मीला भागाकाराची खोडच होती. दोन लाख नऊ हजार भागिले अकरा मिनिटं, मिनिटाला एकोणीस हजार. अकरा दिवसांनी घालवलेलं अकरा मिनिटांनी थोडंफार आणून दिलं होतं. कागदाच्या आणि फ्लेक्सच्या वेगात एवढा फरक असायचाच.

शनिवारी शिफ्ट संपवून ती चऱ्होलीला गेली, बरोबर आत्या. करिष्माने पत्र तयार ठेवलं होतं: मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बिल्डरकडे. बदल्यात दोन अटी. पहिला फ्लेक्स महिनाभर राहील. दुसरा जन्मालाच येणार नाही.

“माझी बी यक अट हाय,” आत्या म्हणाली. “पहिल्यात माझा फोटू चिकटवायचा. खर्च तुमचा.”

करिष्माने रश्मीकडे बघितलं. रश्मीने छताकडे बघितलं.

“कुठे चिकटवायचा, मावशी?”

“जिमवाल्याच्या तोंडावर. साइज बरुबर हाय.”

मग आत्याने स्वतः बेडरूममध्ये जाऊन फरशीवर गोटी सोडली. गोटी निघाली, दार ओलांडून हॉलमध्ये आली आणि आत्याच्या चपलेपाशी थांबली. “बरं हाय की,” ती म्हणाली. “पोरं आत हरवायची न्हाईत.”

पुढच्या मंगळवारी रश्मीने बँकेत जाऊन चार लाख सत्तर हजार भरले. त्याच टेबलावरच्या त्याच साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं, अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, “मॅडम, रेकॉर्ड इतका छान आहे, पुढच्या शिक्षणाचा काही विचार?”

थकबाकी नसल्याचा दाखला हातात आला. वयाच्या अठराव्या वर्षापासून ती पहिल्यांदाच कुणाचंच काही देणं लागत नव्हती, निदान कागदोपत्री. रंगरावांनी पेढे आणले. दोन दिवस घरात कर्जमुक्तीचं वारं होतं. गुरुवारी त्याच टेबलावर तिने वीस वर्षांच्या कागदांवर सही केली: सव्वीस लाख एक्क्याण्णव हजार, हप्ता साडेबावीस हजार. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची असेल. रंगरावांनी पुन्हा पेढे आणले. पहिले कर्ज गेल्याचे होते, हे कर्ज मिळाल्याचे. चव तीच होती.

चिमाजीने नव्या भाडेकरूला महिनाभर थोपवलं आणि त्या महिन्याचं भाडं दोन हजारांनी वाढवलं. “तुमी आता मालक लोकं,” तो म्हणाला, “तुमास्नी काय जड?” रंगरावांनी निघण्याआधी त्याच्या भिंतीत एक खिळा मारला. नुसताच. टांगलं काहीच नाही.

सही झाल्या दिवशी संध्याकाळी आत्याला रिक्षात बसवायला रश्मी मॅगझीन चौकापर्यंत आली. फ्लेक्स उन्हाने जरा फिकटला होता, पण जिमवाल्याच्या जागेवरची कुसुमताई ताजी होती, आठीसकट. बाजूच्या बावीस जणांकडे ती, त्यांनी भाडं थकवल्यासारखी, बघत होती. आत्या बराच वेळ मान वर करून उभी राहिली. पदर नीट केला, जणू वरच्या फोटोतलाही सरळ होणार होता.

“आत्या,” रश्मी म्हणाली, “घराचा हप्ता गेला की महिन्याला फार उरत नाही. पण ग्रॅम ग्रॅम करून...”

“मी मागितलं का?”

“नाही.”

“मग?” रिक्षा आली. आत्याने पिशवी आत ठेवली, एक पाय आत टाकला आणि थांबली. “तुझ्या त्या मोबाइलच्या वहीत माझं नाव चढलं का पर?”

“चढवलं. त्याच दिवशी. तू पाणी पीत होतीस तेव्हाच.”

“किती?”

“दोन तोळे. आजच्या भावाने धरलंय.”

आत्या आत बसली, पदर सावरला, रिक्षावाल्याला ‘चल बाबा’ म्हणाली आणि जाता जाता बाहेर डोकं काढलं.

“दोन तोळे तीन ग्रॅम. मोडीची पावती हाय माझ्याकडं.”